ताज्या मापाचा रकाना

ताजा मेंदू एकदा हातात घेतला की दही पुन्हा पहिल्यासारखं खाता येत नाही. चित्रांत तो अक्रोडासारखा टणक दाखवतात. तो तसा नसतो. कवटीतून काढून परातीत ठेवला की तो स्वतःच्याच वजनाने बसतो, कडेने पसरतो. बोट लागलं तर खळगा पडतो. वरचा ओला पडदा हातमोज्यांना चिकटून लोंबतो. मला त्याची किळस यायची. हे मी एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण माझी नोकरीच ती होती, आणि घरात मी नवऱ्याला नेमक्या किळसेवरूनच बोलत होते.

मी त्रिशला मगदूम. मिरजेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविभागाची तंत्रज्ञ. घरी आम्ही कांदा-बटाटा खात नाही, सूर्य मावळायच्या आत जेवतो, आणि दिवसभर मी मेलेल्या माणसांचे मेंदू कापते. लोक विचारतात, हे कसं काय जमतं. मी सांगत असे की सवय होते. साफ खोटं. घट्ट झालेल्या मेंदूची सवय होते, ताज्याची होत नाही.

आमच्या कामाची पद्धत अशी. देहदानातला मेंदू आला की धुवायचा, वजन करायचं आणि लगेच तीन मापं घ्यायची: पुढून मागे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ती नोंदवहीत 'ताजे माप' या रकान्यात लिहायची. मग मेंदू फॉर्मलिनच्या बादलीत दोऱ्याने उलटा टांगायचा, तळाला टेकला तर चपटा होतो म्हणून. तीन आठवड्यांत तो पनीरासारखा घट्ट होतो. मग पुन्हा मोजायचा, 'घट्ट माप' लिहायचं. नंतर अल्कोहोल, मेण, आणि केसाहून पातळ काप. एकेक काप काचेवर, काचेवरून संगणकात, आणि संगणकात सगळे काप पुन्हा जोडून अखंड मेंदू. असे दोनशे सतरा मेंदू एकावर एक ठेवून आम्ही नकाशा केला. माणसाच्या मेंदूतलं कुठलंही ठिकाण नाकाच्या मुळापासून किती आत, किती वर, किती बाजूला, हे तो नकाशा सांगतो.

आता यातली गोम. फॉर्मलिन मेंदू आकसवतं. अल्कोहोल आणखी, मेण आणखी. म्हणून शेवटी संगणक तो मेंदू पुन्हा मूळ आकाराइतका फुगवतो. मूळ आकार किती, हे त्याला फक्त ताज्या मापाच्या रकान्यातून कळतं. त्या रकान्याचा उपयोग तेवढाच.

पहिले चाळीस मेंदू मी इमानदारीत मोजले. एक्केचाळिसावा हातातून निसटला. सिंकच्या कडेवर आपटला आणि त्याचा एक तुकडा हातमोज्याच्या आत, मनगटावर गेला. मी तो काढला, हात धुतला, पुन्हा धुतला, संध्याकाळी घरी जाऊन पोळी खाताना पुन्हा उठून धुतला. त्या दिवसापासून आलेला मेंदू मी परातीतून सरळ बादलीत सोडायला लागले, मान फिरवून. तीन आठवड्यांनी घट्ट झाला की मोजायची, आणि तेच आकडे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे करून दोन्ही रकान्यांत भरायची. एकशे सत्याहत्तर मेंदू असे गेले. कुणी विचारलं नाही. माझं अक्षर फार सुंदर आहे.

---

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चार वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली. मेंदूची डावी बाजू गेली. बोलण्याचं केंद्र डावीकडे, कपाळाच्या मागे असतं. ते गेलं की माणसाला सगळं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. आत्याबाईंना तीन सापडायचे. "नको", "जा" आणि "आली". साडेपाचला मी कामावरून दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "आली." एवढी जगभर बोलणारी बाई, चौथ्या घरात भांडण असलं की हिचा सल्ला असायचा, आणि आता तीन शब्द.

त्यांचं अंथरुणातलं सगळं मीच काढायची. माझा नवरा भरतेश त्या खोलीच्या उंबऱ्यावर यायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि परत फिरायचा. एकदा मी त्याला जबरदस्तीने आत नेलं. चादर उचलली मात्र, त्याने तिथेच ओकारी काढली, आईच्या पायांवर. आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर मी त्याला सोडला नाही.

"जन्मदात्या आईची किळस येते तुम्हाला? तुमचं सगळं कुणी काढलं लहानपणी?"

"मुद्दाम करतोय काय मी? पोटातनंच ढवळून येतंय. तुझं बरं हाय, तू रोज मेंदू हाताळतीस."

"मग? मीही माणूसच आहे की. मनावर घेतलं की होतं."

हे मी बोलले. मान फिरवून बादलीत मेंदू सोडणारी मी.

भरतेशची किळस तशी त्याच्या पोटापाण्याची होती. तालुक्याच्या दूध संघात तो आवकेच्या धक्क्यावर बावीस वर्षं होता. गावांतून कॅन येतात, हा झाकण उघडतो, तळहाताने वारा घेतो, नाक नेतो आणि सांगतो: घ्या, नाहीतर परत. मशिनं येऊन गेली, स्निग्धांश मोजतात, पाणी पकडतात, पण कॅन कडेला कुबटला आहे हे भरतेशइतकं लवकर कुणाला कळत नसे. दुधाला जरा वास आला की त्याचा वरचा ओठ उचलला जाई आणि एक नाकपुडी मिटे. धक्क्यावरचे लोक कॅनकडे बघतच नसत, त्या ओठाकडे बघत. आमदाराच्या भावाचे कॅनसुद्धा त्या ओठाने परत पाठवले होते.

---

'सुसह्य' नावाचा पट्टा बाजारात आला तेव्हा विभागात आम्ही पेढे वाटले होते, कारण तो आमच्या नकाशावर चालत होता.

आमचे विभागप्रमुख डॉ. हळबे पत्रकारांना समजावून सांगत, ते मी दहा वेळा ऐकलंय. कानाच्या वर मेंदूला एक खोल खाच आहे. तिचे दोन काठ बोटांनी बाजूला केले की आत दडलेला एक भाग दिसतो. आम्ही त्याला बेट म्हणतो. पोटातली, आतड्यांतली खबर या बेटावर येते. नासकं, सडलेलं, घाण समोर आलं की बेटाच्या मधल्या भागात खळबळ होते आणि आपल्याला मळमळतं. या भागावर कवटीबाहेरून, चिरफाड न करता, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीचा झोत नेमका एकवटला, तर तो भाग सहा तास शांत राहतो. वीस मिनिटं पट्टा घालायचा. सहा तास किळस नाही. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांसाठी वरदान, असं डॉ. हळबे म्हणत.

त्याच बेटाच्या पुढच्या टोकाबद्दल ते पत्रकारांना सांगत नसत, आम्हाला शिकवताना सांगत. कुणी लबाडी केली, लाच खाल्ली, लेकराच्या तोंडचं पळवलं, की आपल्याला जी शिसारी येते ती तिथली. स्वतः तसं वागलो तर जी लाज वाटते, तीही तिथलीच. निसर्गाने लाजेसाठी वेगळी खोली बांधली नाही, घाणीच्याच खोलीला पुढे पडवी काढून दिली.

पट्टा स्वस्त ठेवायचा म्हणून प्रत्येकाच्या डोक्याची तपासणी नव्हती. डोक्याचा घेर आणि नाकाच्या मुळापासूनचं अंतर फितीने मोजायचं आणि पुढचं आमचा नकाशा सांगणार.

भरतेशने तो न विचारता आणला. खोक्यावर हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो होता. "आता बघ," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पट्टा घालून, काढून, बाह्या सारून आत गेला. मी दारात उभी होते. त्याने चादर काढली, आईला कुशीवर वळवलं, पुसलं, कपडा बदलला, बादली घेऊन बाहेर आला. चेहऱ्यावर काही नाही. मला रडू आलं. आनंदाचं, हे सांगायला आता जड जातं.

गल्लीत त्याचं नाव झालं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पंडितांनी सगळ्यांसमोर त्याचा दाखला दिला. घरी दुपारी चारला तोच पहिला येई, म्हणून पुन्हा पट्टा लावून संध्याकाळचंही तोच करू लागला. मला अर्धं आयुष्य परत मिळाल्यासारखं वाटलं.

आत्याबाई मात्र म्हणायला लागल्या, "नको." तो जवळ गेला की, "नको, नको." पाय आवळून घ्यायच्या. तो पाय बाजूला करायचा, ताकदीने नाही, पण थांबायचाही नाही. एकदा मी लवकर आले आणि पाहिलं. तो आईला पुसत होता आणि फोनवर कुणाशी तरी क्रिकेट बोलत होता. आईचा उघडा देह, दार सताड उघडं, समोरच्या गॅलरीतून शेजारी कपडे वाळत घालतोय. भरतेश ओटा पुसावा तसा पुसत होता.

"दार तरी लावा."

"का? कुणाला काय वाटतंय?"

तेच हात त्याने पँटला पुसले आणि टेबलावरच्या डब्यातला चिवडा खाल्ला. मला अन्न गेलं नाही त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यापासून साडेपाचला मी घरी आले की आत्याबाई ओल्यातच असायच्या. त्या त्याला हात लावू देत नव्हत्या, दीड तास तशाच पडून माझी वाट बघायच्या. मी नाक मुरडत, तोंड वाकडं करत, श्वास धरून त्यांचं करायची, आणि त्या माझ्या दंडाला धरून म्हणायच्या, "आली."

---

तिसऱ्या महिन्यात आश्रमशाळेतल्या एकतीस मुलींना विषबाधा झाली. सकाळच्या दुधातून. दूध उकळलेलं होतं, पण काही जंतू मरताना आपलं विष मागे ठेवून जातात आणि ते उकळून जात नाही. तिघींना आमच्याच गावात अतिदक्षता विभागात आणलं. एका मुलीच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. नऊ वर्षांची.

शाळेला दूध भरतेशच्या संघातून जात होतं.

तो घरी आला, हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं. त्याच्या फोनवर त्या मुलींची चित्रफीत चालू होती. कुणीतरी वसतिगृहात काढलेली. फरशीवर ओळीने पडलेल्या मुली, एक दुसरीच्या केसांत ओकतेय. तो ती बघत शिऱ्याचा घास घेत होता.

"तुमच्या धक्क्यावरनं गेलं ते दूध?"

"हं. वरच्या गावचे चार कॅन. कुबट होते."

"कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं की. नाक कुठं गेलंय माझं?" त्याने आणखी शिरा वाढून घेतला. "चेअरमनसाहेब म्हणाले आज आवक कमी हाय, घ्या. घेतलं."

"याआधी सांगितलं नव्हतं का कुणी? तेव्हा तुम्ही परत पाठवायचात."

"तेव्हा राहवायचं न्हाई. आता राहवतंय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोच माणूस. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा तोच. त्याच्या मिशीला तुपाचा थेंब लागला होता आणि मागे फोनमध्ये मुली ओकत होत्या. मला त्याची इतकी शिसारी आली की मी खुर्ची मागे सरकवली. मग माझ्यातली तंत्रज्ञ जागी झाली, तिला एक प्रश्न पडला.

"वास आला तेव्हा पोटात ढवळलं का तुमच्या?"

त्याने विचार केला. "ढवळलं थोडं. आईचं करतानाबी थोडं ढवळतंय. पण ढवळू दे. त्याचं काय वाटत न्हाई."

पट्ट्याचा झोत बेटाच्या मधल्या भागावर पडत असता, तर पोटात ढवळलंच नसतं. खबर पोटातून येत होती, मध्यावर पोचत होती. शांत झालं होतं ते पुढचं टोक, पडवीतलं. झोत पुढे पडत होता.

पट्टा नाकाच्या मुळापासून मोजतो. नकाशा खऱ्या मेंदूपेक्षा लहान असेल, तर प्रत्येक ठिकाण नाकाच्या जवळ दाखवणार. पण नकाशा लहान कसा असेल? तो ताज्या मापाने फुगवलेला होता.

---

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही काढली. चाळीसपर्यंत दोन रकान्यांत फरक होता, शंभर मिलिमीटरला चार. एक्केचाळीसपासून फरक जवळपास नाही. माझं सुंदर अक्षर ओळीने खाली गेलेलं. शंभराला चार, म्हणजे नाकाच्या मुळापासून आठ सेंटिमीटरवर तीन मिलिमीटर. तेवढ्यात किळस संपते आणि लाज सुरू होते.

मी वही डॉ. हळब्यांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी वही मिटली.

"त्रिशलाबाई, पट्टा वापरणाऱ्या चाळीस हजार लोकांनी समाधान कळवलंय."

"समाधानच असणार सर. दुसरं काही वाटायची जागाच बंद आहे."

"आपण पुढच्या आवृत्तीत माप दुरुस्त करू. वर्षभरात. गाजावाजा न करता."

"आणि वर्षभर?"

"पहिल्या चाळिसांचं सोडा, ते जुने झाले. पुढच्या एका मेंदूवरही तुमच्याकडे पुरावा नाही. तुम्ही मोजलेच नाहीत, असं तुम्हीच म्हणताय. मग फरक किती पडतो, हे कशावरून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची नोकरी जाईल. माझी मान अडकेल. कशासाठी? तीन मिलिमीटरसाठी?"

त्यांच्या टेबलावर 'सुसह्य'चं खोकं होतं, फोडलेलं. ते पट्टा वापरत होते की नाही, मला माहीत नाही. वापरत नसतील तर ते जास्त वाईट.

घरी आल्यावर मी भरतेशला सांगितलं की पट्ट्यात दोष आहे, तो काढून टाका. का, ते सांगितलं नाही. ती हिंमत नव्हती. तो हसला. गोड हसला.

"तुझं तोंड बघ आरशात. महिनाभर माझ्याकडं असं बघतीस, जसा काय मीच मेलेलं जनावर हाय. कशाला तरास करून घेतीस?" आतून तो दुसरं खोकं घेऊन आला. संघातल्या लोकांना जोडीने घेतला तर सवलत होती. "वीस मिनिटं लाव रोज. माझं काय वाटायचं न्हाई तुला. आईचं न्हाई, त्या पोरींचं न्हाई. सुखानं राहू दोघं."

तो खरंच प्रेमाने बोलत होता. तेच मला सहन झालं नाही. त्याने पट्टा माझ्या कपाळाशी आणला, फितीने नाकाच्या मुळापासून माप घ्यायला लागला, आणि मी क्षणभर, खोटं कशाला बोलू, क्षणभर थांबले. सोपं झालं असतं. ते सगळे रकाने, ती नऊ वर्षांची मुलगी, सगळं पुसून गेलं असतं.

आतून आत्याबाई म्हणाल्या, "नको." त्यांना आतून काही दिसत नव्हतं. नेहमीसारखं कुशीवर वळताना म्हणाल्या असतील. मी त्याचा हात बाजूला केला.

---

दोनशे अठरावा मेंदू चार दिवसांनी आला. निवृत्त पोस्टमास्तर, इस्लामपूरचे. मुलगा स्वतः फॉर्म भरून गेला, "नीट वापरा" म्हणाला.

मी दार लावलं. मेंदू परातीतून उचलला आणि या वेळी मान फिरवली नाही. तो दोन्ही तळहातांत ओघळला, बोटांच्या फटींतून वर आला. मी तो मापाच्या चौकटीत ठेवला. पुढून मागे. चुकलं, पुन्हा. डावीकडून उजवीकडे. मी सिंकमध्ये ओकले, तोंड धुतलं, परत आले. वरून खाली. तीनही मापं तीनतीनदा घेतली, दर वेळी फोटो काढला. मग वहीत, ताज्या मापाच्या रकान्यात, अकरा वर्षांत पहिल्यांदा खरे आकडे लिहिले. अक्षर वेडंवाकडं आलं.

तीन आठवड्यांनी तो घट्ट झाल्यावर पुन्हा मोजला. शंभराला चार.

त्या तीन आठवड्यांत सगळ्या मुली वाचल्या. त्या एकीची मूत्रपिंडं आठ दिवसांनी सुरू झाली. भरतेशने आणखी कॅन आत घेतले, कुबट होते की नव्हते मला ठाऊक नाही. मी घरातलं दूध बंद केलं. तो बाहेर पीत असे.

वही, फोटो आणि माझा कबुलीजबाब मी महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडे दिला, एक प्रत पट्ट्याच्या कंपनीला, एक वर्तमानपत्राला. दोन ठिकाणी दाबलं तरी तिसऱ्या ठिकाणी निघेल म्हणून. समितीने मला बसवून विचारलं, माप का घेतलं नाही? मी सांगितलं, किळस आली. समितीतल्या एका बाईंनी हे लिहून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला बरं वाटलं. निदान या खोलीत कुणाला तरी काहीतरी वाटतंय.

कंपनीने एका मंगळवारी सगळे पट्टे दुरून बंद केले. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. डॉ. हळबे रजेवर गेले.

भरतेश चिडला नाही. दोन-तीन दिवस बंद पट्टा डोक्याला लावून बसायचा, मग सोडून दिला. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, रोज वापर केलेल्यांची संवेदना सहा तासांत परतत नाही, काही आठवडे लागू शकतात, काहींच्या बाबतीत खात्री देता येत नाही. मी दिवस मोजत नव्हते असं म्हणता येणार नाही. रोज संध्याकाळी जेवताना त्याच्या वरच्या ओठाकडे बघायची. ओठ जिथल्या तिथे.

सदतिसाव्या दिवशी सकाळी आत्याबाईंचं पोट बिघडलं. मी बादली भरत होते, तेवढ्यात भरतेश आत गेला. रोजच्यासारखा, बाह्या सारून. त्याने चादर उचलली. मला पाठमोरा दिसत होता. त्याची पाठ ताठ झाली. मग तो वाकला, तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाला आणि आतडी बाहेर येतील असा ओकला. बराच वेळ. मी नळ बंद केला आणि ऐकत उभी राहिले. इतका घाणेरडा आवाज मी इतक्या आनंदाने कधी ऐकला नव्हता.

तो परत आला तेव्हा डोळे लाल होते. नाकाला रुमाल लावून उंबऱ्यावर उभा राहिला. पट्टा येण्याआधी इथूनच फिरायचा. तो आत गेला. ओठ उचललेला, नाकपुडी मिटलेली, तोंड पार वाकडं. त्याने आधी दार लोटलं. मग आईचे पाय हळूच धरले. तिने ते आवळले नाहीत. ती त्याच्या त्या वाकड्या तोंडाकडे बघत होती, आणि चार वर्षांत कधीही न सापडलेला शब्द तिला सापडला.

"आला," म्हणाली.

तो तसाच वाकून रडायला लागला. "त्या पोरी," म्हणाला. "त्रिशला, मला वास आला होता त्याचा." मग म्हणाला, "मी जातो आज. पोलिसांत. सांगतो सगळं."

मी बादली आत नेली. फडकं पिळून त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"पेपरात वाचलं ते," तो म्हणाला. "एकशे सत्याहत्तर मेंदू तू मोजलेच न्हाईस. किळस यायची म्हणून."

"हो."

"आणि मला इथं उभं करून बोलायचीस. जन्मदात्या आईची किळस येते म्हणून."

"हो."

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. वरचा ओठ थोडा उचलला गेला. ती नजर बावीस वर्षं कॅनवर पडत आली होती. माझ्यावर पहिल्यांदाच पडत होती. मी मान फिरवली नाही.

आत्याबाईंनी हात पुढे केला. एका हाताने त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं, दुसरा माझ्याकडे आला. मी पलंगाची दुसरी बाजू धरली.

"कुशीवर घे," तो म्हणाला. "मी पुसतो."